लॅटिन येत नाही म्हणून काय झालं?

मुलांना लॅटिन शिकवायचं तर ते आधी आपल्याला यायला हवं, असं धरून बरेच पालक विषय तिथेच सोडून देतात. मला हे पटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घरी लॅटिनची सुरुवात करून द्यायला आई-बाबांना त्यातलं काहीही येत नसलं तरी चालतं. आणि मराठी घरात तर हे काम जास्त सोपं आहे.

इथे इंग्लंडमध्ये शाळेवर भिस्त ठेवता येत नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेले आकडे पाहा: अकरा ते चौदा वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या खासगी शाळा ४९ टक्के, सरकारी शाळा जेमतेम २.७ टक्के. ही दरी बुजवायला सरकारने ४० शाळांसाठी एक योजना काढली. तिचे पैसे २०२५ च्या फेब्रुवारीत, ऐन शालेय वर्षात बंद झाले. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे आहेत त्यांचं काही अडलं नाही. बाकीच्यांनी काय करायचं?

आपल्याजवळ काय आहे ते बघा. लॅटिनची पहिली मोठी अडचण म्हणजे विभक्ती. ‘पुएल्ला कानेम विदेत’ म्हणजे मुलगी कुत्र्याला बघते. ‘कानेम पुएल्ला विदेत’ असं उलटवलं तरी अर्थ तोच. फक्त इंग्रजीत विचार करणाऱ्या मुलाला हे पटवायला वेळ लागतो, कारण तिथे शब्दांची जागा बदलली की कुत्रा मुलीला बघायला लागतो. मराठी मुलाला एवढंच विचारायचं: ‘कुत्र्याला मुलगी बघते’ म्हटलं तर कोण कोणाला बघतं? उत्तर लगेच येतं. तो ‘ला’ त्याला बोलता बोलता आलेला असतो, कोणी शिकवलेला नसतो.

पण इथेच एक खाचही आहे. ‘मुलीला बघतो’ आणि ‘मुलीला फूल देतो’, दोन्हीकडे आपला ‘ला’ एकच. लॅटिनमध्ये पहिलीकडे ‘पुएल्लाम’, दुसरीकडे ‘पुएल्लाए’. शिवाय ‘मुलगी गुलाब बघते’ यात आपण गुलाबाला काहीच लावत नाही, लॅटिनला मात्र ‘रोसाम’ हवं असतं. मराठी मूल चुकतं ते बहुधा या दोन जागी. म्हणून ‘काय बघते?’ आणि ‘कोणाला देते?’ हे दोन प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारावेत, आणि मराठीतच विचारावेत. पुढे ह्रस्व-दीर्घ येतं. ‘पुएल्ला’तला शेवटचा ‘आ’ लांबवला की विभक्तीच बदलते. ज्यांनी शाळेत लघु-गुरू मोजले आहेत त्यांना हे नव्याने समजावून सांगावं लागत नाही.

पालकाने एक धडा पुढे असावं, एवढं पुरे. लहानांसाठी ‘मिनिमस’ चांगलं आहे. त्यातली गोष्ट रोमन काळच्या ब्रिटनमधल्या विंडोलांडा या ठाण्यात राहणाऱ्या कुटुंबाची आणि त्यांच्या घरातल्या उंदराची. थोड्या मोठ्यांना हान्स ऑर्बेर्गचं ‘फामिलिआ रोमाना’ द्यावं. ते पहिल्या पानापासून लॅटिनमध्येच आहे आणि अर्थ चित्रांतून, समासातल्या खुणांतून उलगडत जातो. कुठलंही पुस्तक घ्या, उत्तरांची पुस्तिका सोबत घ्याच. उच्चाराची पद्धत एकच धरा: प्राचीन रोमन धरली तर ‘किकेरो’, चर्चची धरली तर ‘चिचेरो’. रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि मोठ्याने. शब्दांची रूपं पाढ्यांसारखी पाठ करून घ्यायला लाजू नका. आणि अडलं तर मुलालाच विचारा, ‘इथे हा म् कशाला आला?’ आईला समजावून सांगताना मूल जे शिकतं ते सराववहीतून शिकत नाही.

‘मुलांना मराठीच धड येत नाही, त्यात लॅटिन कशाला?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. माझं म्हणणं असं की लॅटिन मराठीतून समजावलं तर मराठीलाही रोज काम मिळतं, आणि तेही ‘जेवायला ये’च्या पलीकडचं. या दोन भाषांच्या घडणीतलं साम्य फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला कधीच जाणवलं होतं. १५८३ मध्ये गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. पुढे याच माणसाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. लॅटिन येणारा माणूस मराठीत इतका खोल उतरू शकला. आपल्या मुलांनी तोच रस्ता उलट्या दिशेने चालायचा आहे.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो म्हणून लॅटिन शिका, हा प्रचार मात्र मला कमअस्सल वाटतो. वाचता येतं म्हणून शिकावं. विंडोलांडाला लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. त्यात सुमारे इ.स. १०० मधलं, क्लाउदिया सेवेराने सुल्पिकिया लेपिदिनाला पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे: ११ सप्टेंबरला नक्की ये. शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत, आणि त्यात ती मैत्रिणीला बहीण म्हणते. चार महिने घरी शिकलेल्या मुलाला त्यातला ‘सोरोर’ ओळखता येतो. तो शब्द आपल्या संस्कृत ‘स्वसृ’चा सख्खा नातलग आहे, हे आपण सांगायचं.

जीसीएसई परीक्षेच्या वाटेला लागल्यावर, विशेषतः व्हर्जिलचा उतारा समोर आला की, शिक्षक हवाच. तिथे घरचं शिक्षण अपुरं पडतं. पण तोवरची वर्षं आपल्या हातात आहेत. आपल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गानंतर अर्धा तास खोली मोकळी असते. तीन-चार कुटुंबांनी मिळून एकच पुस्तक धरलं, तर या सप्टेंबरपासून तिथे सुरुवात करता येईल.