कुरणावरची शाळा

१७ मार्च ही बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ यांची जयंती. ताराबाई मोडक यांच्या हाताखाली १९४५ मध्ये बोर्डीत त्यांनी कामाला सुरुवात केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हयात वेचली. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे जातात, हे दिसल्यावर या दोघींनी आईबापांना बोल लावला नाही. शाळाच कुरणावर नेली. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरवली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया आणि पाने आली.

शाळेने मुलांकडे जावे, या त्यांच्या विचाराप्रमाणे प्राथमिक अभ्यासक्रमही सर्वांना सामावून घेणारा हवा, हे आता कोणी नाकारत नाही. कायद्यांचीही वानवा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगितले, २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत हक्काची जागा दिली. प्रश्न पाठ्यपुस्तक उघडल्यावर सुरू होतो. ‘चित्र पाहा आणि सांगा’ असे लिहिले असते, तेव्हा वर्गातल्या अंध मुलीने काय करायचे? श्रुतलेखनाच्या तासाला कर्णबधिर मुलाने कुणाच्या वहीत पाहायचे? दिवाळीच्या सुमारास बीडमधली मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. वार्षिक नियोजनात मात्र ती गावातच आहेत असे धरून महिन्यामागून महिना धडे पुढे सरकतात.

भाषेचे तर विचारूच नका. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावर राज्यात रान उठले आणि जूनअखेर शासनाने तो मागे घेतला. ते योग्यच झाले. पण लहान मुलांवर परक्या भाषेचे ओझे नको, असे आपण म्हणत होतो तेव्हा सातपुड्यातल्या पावरा मुलांची आठवण किती जणांना झाली? मेळघाटातल्या कोरकू मुलांची? कोरकू मुंडा कुळातली; तिचे मराठीशी नाते नाही. घरात तीच भाषा ऐकलेल्या मुलाला पहिलीच्या पहिल्या दिवशी बाईंचे बोलणेच कळत नाही, आणि वर्षअखेरीस ‘अप्रगत’ मात्र ते मूल ठरते. हा अन्याय आपल्या मराठीच्या नावाने होतो, म्हणून तो अधिक टोचायला हवा.

राज्यात नवी पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. ती लिहिली जात असतानाच कोरकू, गोंडी, पावरी बोलणारे शिक्षक आणि अंध व कर्णबधिर शिक्षक समितीत बसले पाहिजेत. पुस्तक छापून झाल्यावर त्यांचा अभिप्राय मागवण्यात अर्थ नाही. पहिली-दुसरीचे वाचन घरच्या बोलीतून सुरू व्हावे. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला जिथे अभ्यास सुटला तिथूनच तो पुढे नेता यावा. आणि असे शिकवणाऱ्या शिक्षकावर ‘पोर्शन’ अपुरा राहिल्याचा ठपका येणार नाही, हे शिक्षण विभागाने लेखी द्यावे.