बालकाचे सत्त्व आणि आपले औषधालय

जानेवारी उजाडला की आपल्या औषधालयांच्या दर्शनी फळीवर ब्राह्मी-शंखपुष्पीच्या बाटल्यांची रांग लागते. शालान्त परीक्षा होईपर्यंत ती वरचेवर भरावी लागते, हे औषधविक्रेते बंधू जाणतात आणि आम्हीही जाणतो. कारण त्यांतील कित्येक बाटल्या आमच्याच चिठ्ठीवर जातात. मेध्य रसायनांविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु ज्या बालकासाठी बाटली जाते, त्यास आपण पाहतो काय?

काही वर्षांपूर्वी नववीतील एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. रोज सकाळी पोटदुखी, अन्नावर वासना नाही, चाचणीतील गुण घसरलेले. आम्ही अग्निमांद्य ठरवून हिंग्वाष्टक चूर्ण व शंखवटी दिली. आईच्या आग्रहाखातर सारस्वतारिष्टही जोडले. दोन महिने केस पेपरवर 'अल्प उपशय' असे लिहीत राहिलो. रविवारी व सुट्टीत पोट दुखत नाही, हे त्या माउलीने पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि ते आमच्याच अक्षरात कागदावर होते. ते वाचावयास आम्हांस दोन महिने लागले. मग मुलाशी एकट्याने बोललो. वडिलांचे काम सुटले होते, सकाळच्या शिकवणीचे शुल्क थकले होते, आणि तेथे थकबाकीदारांची नावे सर्वांसमोर वाचली जात होती. घरी हे त्याने सांगितले नव्हते. सांगून वडिलांस आणखी लाजविणे त्याला नको होते. शिकवणी सुटली, पोटदुखी थांबली. त्यात शंखवटीचा वाटा नव्हता.

चरकाचार्यांनी विमानस्थानात वयाचे विभाग सांगताना तिशीपर्यंत सत्त्व बहुधा अनवस्थित असते असे म्हटले आहे. आजचे मेंदूविज्ञानही संयम व निर्णय यांच्याशी निगडित अग्रभागाची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते असे सांगते. शारीरस्थानात तर रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. आज पिशाचाची जागा टक्केवारीने आणि शेजारच्या हुशार मुलाने घेतली आहे, इतकेच. काश्यपसंहितेचा वेदनाध्याय बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून ओळखावयास शिकवितो. आमच्या मते पंधरा वर्षांचा मुलगाही पुष्कळदा न बोलणाऱ्यांतच मोडतो.

हे सारे आपण कौमारभृत्याच्या परीक्षेसाठी पाठ केले. सत्त्वावजय हा त्रिविध औषधांतील एक प्रकार, हेही लिहून गुण मिळविले. व्यवहारात मात्र तो मागे पडला. कारण उघड आहे. बालकाचे ऐकण्यास वेळ लागतो आणि त्या वेळावर छापील किंमत नसते.

हे मानसोपचारतज्ज्ञांचे काम, असा आक्षेप येईल. मर्यादा आम्हांस मान्य आहे. मूल जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले किंवा स्वतःस इजा करू लागले, तर आपल्या कल्पांवर विसंबून एक दिवसही दवडू नये. त्यास तत्काळ तज्ज्ञांकडे धाडावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तो क्रमांक औषधालयात ठळक लावावा. लैंगिक अत्याचार कानी आल्यास २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांस कळविणे आपणांसही बंधनकारक आहे. परंतु तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यापूर्वी ते मूल बहुधा आपल्याच दारी आलेले असते, पोटदुखी किंवा डोकेदुखी घेऊन.

औषधविक्रेते बंधूंस एवढीच विनंती, की स्मृतिवर्धक मागणाऱ्या पालकास दुसरी बाटली देण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: मूल झोपते किती, आणि सुट्टीच्या दिवशी त्याची तक्रार राहते काय? उत्तर खटकले, तर बाटलीऐवजी मुलासच वैद्याकडे पाठवावे. विक्री थोडी घटेल, हे आम्ही नाकारीत नाही.

आमच्या चिकित्सालयात आता बारा वर्षांवरील मुलांच्या पालकांस दहा मिनिटे बाहेर बसवितो; मुलगी असल्यास परिचारिका आत असते. काही पालकांस हे रुचत नाही. दोघे-तिघे पुन्हा आले नाहीत. एक आजोबा मात्र बाहेर बसून कंटाळले आणि पुढच्या खेपेस नातवाआधी आम्हीच त्यांचे ऐकावे, असा हट्ट धरून आले.