पक्षाघात आणि पहिला दीड प्रहर

पक्षाघात म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांचा हात एकांगवीर रस आणि महानारायण तेलाकडे जातो. त्यात गैर काही नाही. परंतु ही चिकित्सा केव्हा करावयाची, हा प्रश्न आपण पुरेशा गांभीर्याने विचारीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एका प्रौढ शेतकऱ्यास आमच्या चिकित्सालयात आणले गेले. नऊ वाजता त्याच्या उजव्या हातातून चहाचा पेला गळून पडला होता; वाणी अडखळत होती. आम्ही निदान अचूक केले आणि चिकित्सेत चुकलो. अभ्यंग, नाडीस्वेद आणि मधातून एकांगवीर. औषध घेताना त्यास ठसका लागला. गिळण्याची शक्ती बाधित झाल्याचे ते लक्षण होते, हेही आम्हांस उमगले नाही. सायंकाळी शहरातील रुग्णालयात आम्ही सोबत गेलो. मेंदूतील वाहिनी गुठळीने अवरुद्ध झाली होती. तेथील डॉक्टरांनी प्रथम एवढेच विचारले, "सुरुवात किती वाजता झाली?" नातलगांनी आमच्याकडे पाहिले.

गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आपल्या गणनेने दीड प्रहर. निवडक रुग्णांत नलिकेद्वारे गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत जाते, पण ती सोय सर्वत्र नाही. शिवाय मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास हेच औषध प्राणघातक ठरते. अवरोध की रक्तस्राव, हा भेद सीटी स्कॅनविना खात्रीने होत नाही, नाडीपरीक्षेनेही नाही. म्हणून स्कॅनपूर्वी अ‍ॅस्पिरीनही देऊ नये आणि वाढलेला रक्तदाब घाईने उतरवू नये. रक्तशर्करा मात्र अवश्य मोजावी. ती अतिशय घसरल्यास पक्षाघाताचेच सोंग उभे राहते.

ओळखण्यास दोन मिनिटे पुरतात. दात दाखविण्यास सांगावे, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरावयास लावावेत, एक साधे वाक्य बोलवून घ्यावे. अर्दिताशी गल्लत फार होते. तोंड वाकडे असूनही कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडत असतील तर विकार मेंदूत आहे असे समजावे. त्या बाजूच्या आठ्या नाहीशा होऊन डोळाही मिटत नसेल, तर बहुधा केवळ चेहऱ्याची नाडी बाधित असते; पण हातापायांत दौर्बल्य किंवा वाणीत दोष असल्यास तेथेही थांबू नये.

सुश्रुताचार्यांनी केवळ वातज पक्षाघात अत्यंत कष्टसाध्य सांगितला आहे. चरकोक्त स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन यांचे मोल आम्ही तिळमात्र कमी लेखीत नाही. रुग्ण स्थिरावला, गिळणे तपासून झाले, रक्तदाब आटोक्यात आला, की पुढील कित्येक महिने बस्ती, अभ्यंग आणि व्यायाम यांसाठी तो आपल्याकडेच येतो. तो शेतकरीही येतो. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. पेला तो डाव्या हातात धरतो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. "लकव्याचे तेल द्या" असे कोणी म्हणाल्यास बाटली काढण्यापूर्वी "केव्हापासून?" असे विचारावे. उत्तर "आज सकाळपासून" असे आले, तर तेल देऊ नये, गाडी बोलवावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. सोबतच्या चिठ्ठीवर रुग्ण पूर्ण बरा असल्याचे शेवटी किती वाजता पाहिले ते लिहावे. झोपेतून उठताना विकार दिसला असल्यास झोपण्याची वेळ. आमच्या चिकित्सालयात सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाचा क्रमांक आता भिंतीवर आहे. ते यंत्र रात्री चालू असते की नाही, हेही आम्ही विचारून ठेवले आहे.