वेगवान बंदूक आणि काडतुसांचा हिशेब

शस्त्रांविषयीच्या आपल्याकडील चर्चेत वेगाला अवाजवी महत्त्व मिळते. मिनिटाला तीन हजार गोळ्या झाडणाऱ्या सहा नळ्यांच्या मशीनगनची चित्रफीत पाहण्यात आली, की आपल्या जवानांच्या हाती ती का नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या बेरजेविषयी मात्र घ्यावी लागते.

या जातीची सर्वांत परिचित बंदूक म्हणजे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1960 च्या दशकात बनविलेली 'मिनिगन'. रिचर्ड गॅटलिंगने 1862 साली पेटंट घेतलेल्या बंदुकीचेच तत्त्व तिच्यात आहे. हाताने फिरवायच्या दांड्याच्या जागी विजेची मोटार आली, एवढेच. नुसत्या बंदुकीचे वजन 39 किलोंच्या घरात. 7.62 मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे 24 ग्रॅमचे. मिनिटाला 3,000 म्हणजे सेकंदाला 50 काडतुसे, अर्थात दर सेकंदाला सव्वा किलोच्या आसपास माल खर्ची पडतो. हजार काडतुसे बरोबर घ्यावयाची तर आणखी 24 किलो. पट्ट्याच्या कड्या आणि बॅटरी वेगळ्याच. एवढे ओझे डोंगर चढून नेणाऱ्या जवानाची सारी शिदोरी वीस सेकंदांत संपते! शिवाय त्या वीस सेकंदांत त्याला मागे लोटणारा रेटा सरासरी 60 किलोंच्या आसपास असतो. 'प्रिडेटर' या 1987 च्या चित्रपटात नट ही बंदूक हाती धरून चालवितो, पण तेथे काडतुसे पोकळ होती, गती कमी केलेली होती आणि विजेची तार कॅमेऱ्यापासून लपविलेली होती.

मग ती वाहनावर बसवावी, असे कोणी म्हणेल. ते म्हणणे रास्त आहे. वाहन वजन उचलते, धक्का सोसते, वीजही पुरविते. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर बसविलेली मिनिगन उपयोगी ठरली, कारण उडत्या हेलिकॉप्टरमधून लक्ष्य क्षणभरच दृष्टीस पडते आणि त्या क्षणात जितक्या गोळ्या जातील तितक्या हव्या असतात. जमिनीवर ही निकड क्वचित येते. आम्ही वर्गात ज्याला सीमान्त उपयोगिता म्हणतो, ती येथे झपाट्याने घटते. एका सेकंदातील दहाव्या गोळीने जे साधते, त्यात पन्नासावी गोळी फारशी भर घालीत नाही. तिचे वजन मात्र पहिल्या गोळीइतकेच असते. शिवाय दहा मिनिटांच्या माऱ्याला 30,000 काडतुसे, म्हणजे सातशे किलोंहून अधिक माल लागेल. तो आणणारे दुसरे वाहन, त्याचे इंधन आणि त्याची राखण हा खर्च बंदुकीच्या किमतीत कोणी धरीत नाही. आणि जेथे रस्ता संपतो, तेथे ओझे पुन्हा माणसाच्या आणि खेचराच्या पाठीवर येते.

फिरत्या वाहनावरचे शस्त्र आपल्याला परके नाही. 1761 मध्ये पानिपतावर अब्दालीचे जंबुरे उंटांच्या पाठीवर होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांपुढे ते किरकोळच. पण ते हव्या त्या ठिकाणी नेता येत होते. त्या तोफांमागे उभे असलेले सैन्य तर कित्येक आठवडे रसद तुटून उपाशी होते. आपण या पराभवाच्या कारणांचा इतका काथ्याकूट केला आहे, की रसदेचे हे साधे कारण त्यात हरवून जाते.

आपल्या लष्कराने मार्च 2020 मध्ये इस्राएलशी 16,479 नेगेव्ह मशीनगनचा 880 कोटी रुपयांचा करार केला. भागाकार केला तर बंदुकीमागे सव्वापाच लाखांहून थोडे अधिक पडतात. मिनिटाला 600 ते 750 गोळ्यांची, आठ किलोंच्या आसपासची, एका माणसाला उचलता येणारी ही बंदूक डोळे दिपविणारी नाही. निवड योग्यच होती, असे माझे मत आहे.

परंतु बंदूक घेतली म्हणजे काम झाले, असे नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2015 च्या अहवालानुसार, मार्च 2013 मध्ये दारूगोळ्याच्या 170 प्रकारांपैकी 85 प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरेसा नव्हता. दंडक मात्र चाळीस दिवसांच्या तीव्र युद्धाचा होता. सप्टेंबर 2016 मध्येही 152 पैकी 61 प्रकारांची तीच स्थिती असल्याचे 2017 च्या अहवालाने दाखविले. त्यांत तोफांच्या आणि रणगाड्यांच्या दारूगोळ्याचा भाग मोठा होता, हे खरे. पुढे लष्कराला तातडीच्या खरेदीचे अधिकारही मिळाले. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. नव्या शस्त्राचे छायाचित्र पहिल्या पानावर येते, साठ्याचा तक्ता मात्र अहवालाच्या परिशिष्टातच राहतो. टंचाईपायी सरावासाठीच्या दारूगोळ्यावर निर्बंध घालावे लागल्याचेही त्याच अहवालांत नमूद आहे. नव्या मशीनगनची मागणी करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी संरक्षण खात्याच्या अनुदानावरील चर्चेत, हाती असलेल्या बंदुकीमागे वर्षाला किती काडतुसे सरावाला मिळतात, एवढा प्रश्न तरी आधी विचारावा.