कॅटरिना : वादळ निसर्गाचे, बळी व्यवस्थेचे

२९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी ‘कॅटरिना’ चक्रीवादळ अमेरिकेच्या लुईझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा त्याचा जोर ओसरू लागला होता. आदल्या दिवशी मेक्सिकोच्या आखातातील उष्ण पाण्यावर पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत पोहोचलेले हे वादळ किनाऱ्यावर येताना तिसऱ्या श्रेणीत उतरले होते. वाऱ्याचा वेग घटला. पण वादळाने पुढे रेटलेले समुद्राचे पाणी मागे हटले नाही. मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर ते आठ मीटरहून अधिक उंच चढले.

न्यू ऑर्लिन्सची कहाणी मात्र वेगळी आहे. या शहराचा मोठा भाग समुद्रसपाटीखालच्या खोलगट जागेत वसलेला. त्याचे रक्षण करणारे बांध व कालव्यांच्या भिंती अनेक ठिकाणी फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. काही भिंती तर पाणी माथ्यावरून वाहण्यापूर्वीच कोसळल्या. त्या उभारणाऱ्या लष्करी अभियंता दलाने २००६ मध्ये रचनेतील दोष मान्य केले.

शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश निघाला तो २८ ऑगस्टला, म्हणजे अवघा एक दिवस आधी. ज्यांच्यापाशी मोटार होती, ते निघाले. वृद्ध, आजारी आणि गरीब, त्यांतही प्रामुख्याने कृष्णवर्णीय, मागे राहिले. हजारोंनी सुपरडोम क्रीडागारात हालअपेष्टांत दिवस काढले. लुईझियानातील मृतांपैकी जवळपास निम्मे ७५ वर्षांवरील होते. एकूण मृतांचा आकडा दीर्घकाळ १,८३३ मानला गेला. राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३ मध्ये तो १,३९२ असा सुधारला. आर्थिक हानी सुमारे १२५ अब्ज डॉलरची. शहराची लोकसंख्या २००० मध्ये ४ लाख ८४ हजार होती. २०१० च्या जनगणनेत ती ३ लाख ४३ हजारांवर आली.

त्यानंतर १४ अब्ज डॉलरहून अधिक खर्चून नवी संरक्षण यंत्रणा उभी राहिली. २९ ऑगस्ट २०२१ रोजी ‘आयडा’ वादळात ती टिकली. पण संपूर्ण शहराची वीज गेली आणि उकाड्याने वृद्धांचे बळी घेतले. धोक्याने केवळ रूप बदलले होते.

कॅटरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई बुडाली होती. दोन्ही शहरांनी एकच धडा दिला : वादळाची श्रेणी हवामान खाते ठरवते, आपत्तीची व्याप्ती मात्र शहराची रचना आणि प्रशासनाची तयारी ठरवते. भिंती किती उंच बांधल्या, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो हा, की ज्याच्यापाशी वाहन नाही आणि चालण्याचे बळ नाही, त्याला बाहेर कोण काढणार?