दगडाची साक्ष

आमच्या एरंडोलच्या नावातच एरंड. पण दिवाळीच्या फराळाला गप्पा निघाल्या खनिज तेलाच्या. माझा जुना विद्यार्थी तेलविहिरींतले दगड तपासतो.

"सर, १९७४ साली मुंबई हायला तेल लागलं ते चुनखडीत. पण ते तयार झालं खालच्या, दगड झालेल्या चिखलात. असा दगड कुटून तापवायचा. आधी मोकळं तेल वाफ होऊन निघतं, मग अडकलेलं जैव द्रव्य फुटतं. त्याचा जोर सुमारे ४३५ अंशांच्या आतच आला, तर माल कच्चा!"

शेजारच्या आप्पांची कर्ज काढून खोदलेली विहीर कोरडी. त्यांनी तिच्यातला काळा दगड पुढे केला.

"आप्पा, हा लाव्हा. यात तेल तयार होत नाही."

"तेल कोनले जोयजे, भाऊ? पानीनं सांग!"

तो गप्प झाला. मीही चिवड्याची बशी उगाच पुढे सरकवली.