चुरस हवी, वैर नको

दोन वर्गांचा सामना झाला की कधी कधी हरलेली मुले जिंकलेल्या मुलांशी बोलेनाशी होतात. हे पाहून काही वडीलधारी माणसे म्हणतात, "कशाला हव्यात या स्पर्धा? त्यांनी मने दुभंगतात!" त्यांची काळजी खरी आहे, परंतु त्यांचा उपाय मला मान्य नाही. मुंबईच्या दोन क्रिकेट संघांची हकीगत ऐका, म्हणजे मी असे का म्हणतो ते तुमच्या ध्यानात येईल.

शिवाजी पार्क जिमखाना हा दादरचा संघ. दादर युनियनचे मैदान तेथून जवळच, माटुंग्यास. विजय मांजरेकर, रमाकांत देसाई, अजित वाडेकर हे जिमखान्याचे खेळाडू. तर माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर हे युनियनचे. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीग स्पर्धेत हे संघ समोरासमोर आले की मैदानाभोवती प्रेक्षक दाटी करीत. हे सामने ऐन पावसाळ्यात होत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी अचानक उसळे, तर कधी जमिनीलगत सरपटत जाई. फलंदाजाला डोळ्यांत तेल घालून खेळावे लागे.

अशा वेळी रमाकांत देसाई यांच्यासारखा वेगवान गोलंदाज समोर असला, तर फलंदाजाचा कच्चेपणा लपणार कसा? आपला दोष सांगताना मित्र संकोचतो. प्रतिस्पर्धी मात्र तो तत्काळ दाखवून देतो. म्हणून प्रतिस्पर्धी हाही एक गुरूच होय.

एरवी एकमेकांना हरविण्यासाठी झटणारे हे खेळाडू मुंबईच्या संघात खांद्याला खांदा लावून उभे राहत. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने रणजी करंडक सलग १५ वेळा जिंकला. त्या यशात इतर संघांच्या खेळाडूंचाही वाटा होता. परंतु या दोन मैदानांवरील चुरशीचे ऋण विसरता येणार नाही.

पुढे १९७१ साली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. कर्णधार होते जिमखान्याचे वाडेकर. युनियनचे तरुण गावसकर यांची ती पहिलीच कसोटी मालिका. चार सामन्यांत त्यांनी ७७४ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली. दादर-माटुंग्याची चुरस तेथे वैर होऊन आली असती, तर हे घडले असते काय?

चुरस आणि वैर यांत भेद आहे. आपण अधिक चांगले खेळावे, ही इच्छा म्हणजे चुरस. दुसऱ्याने वाईट खेळावे, ही इच्छा म्हणजे वैर. पहिलीने दोघेही वाढतात. दुसरीने दोघेही खुजे होतात.

तेव्हा मुलांनो, सामने बंद करू नका. जिंकण्यासाठी जिवाचे रान करा, मात्र हरलात तर ज्याने तुम्हांला बाद केले त्याच्याकडे जा, त्याचा हात हाती घ्या आणि विचारा, "तो चेंडू तू कसा टाकलास?"